तारेखालची खरचुडी

बुलढाणा, ३ जुलै २०२४

समता,

जय भीम. हे पत्र मी लिहीत नाहीये, बाबा माझ्याकडून लिहून घेताहेत असं समज. समोर खुर्ची टाकून बसलेत आणि माझं पेन थांबलं की घसा खाकरतात. मेमध्ये आपण फोनवर जे भांडलो ते म्हणे चार घरं सोडूनही ऐकू गेलं. त्यावर सुभेदार इंद्रभान यांचा, म्हणजे बाबांचा, हुकूम आला, "फोनवर भांडता ना, मंग आता कागदावर भांडा. कागद मधात बोलत नाई." पलटणीत असताना ते आईशी असंच भांडायचे. पोस्टातून आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठाच आणलाय त्यांनी, आणि एक तुलाही पाठवलाय. तुझा जास्त जाड असणार, मला माहीत आहे.

तर खबरबात अशी, की तुझं कुंपण उभं राहिलं. माळाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, बरोबर जिथे आपल्या धावण्याच्या गोलाचं वळण होतं तिथे. आता मुली वळणाशी आल्या की थबकतात आणि कुंपणाला वळसा घालून जातात, लग्नाच्या वरातीला बैल आडवा आल्यासारख्या. शिवाय पाटी लावलीय, 'दुर्मिळ वनस्पती. आत जाऊ नये.' बारा वर्षं या माळावर मी पोलीस आणि सैन्यभरतीसाठी मुली तयार करतेय. आणि आत जाऊ नये, मी!

गेल्या सप्टेंबरात तू चार दिवस आलीस. छत्री घेऊन माळावर हिंडलीस. म्हणजे छत्री बाबांनी धरली होती, हिंडलीस तू. एका वेलीपाशी गुडघे टेकून बसलीस आणि पेपरात फोटो आला, 'बुलढाण्याच्या कन्येने शोधली दुर्मिळ खरचुडी.' शोधली म्हणे! तू पाच वर्षांची असताना याच माळावर मी काडीने उकरून तिचा कंद काढला, फ्रॉकला पुसला आणि तुझ्या तोंडात घातला. "ताई, अजून," म्हणाली होतीस. तेव्हा कुणी फोटो काढला नाही. आज तेच केलं तर तू माझ्यावर केस करशील.

हो, मी जळते. कागद मधात बोलत नाही म्हणून लिहून टाकते. भरतीतून मी एका सेंटिमीटरने परत आले. तू पाच फूट सात इंच. बाबांना वाटलं होतं, एकीची उंची कमी पडली तर दुसरी वर्दी घालेल. तू गवत बघायला पुण्याला गेलीस. गवत बघायला उंची कशाला लागते गं?

आता मुद्द्याचं. सरपंच भगवंतराव सांगून गेलेत की माळ गायरान आहे, आपला करार सप्टेंबरात संपतो, आणि त्याच महिन्याच्या पंचवीस तारखेला समिती पाहणीला येणार. तुझ्या संस्थेचा अहवाल, म्हणजे तुझाच अहवाल, बघून ठरेल की माळ मुलींकडे राहणार की वेलीकडे. जवळपास दुसरी सपाट जागा नाही, हे तुला माहीत आहे. मला दुसरं काही येत नाही, हेही माहीत आहे. तरी सांगून ठेवते.

बाबा वाचायला मागताहेत. देणार नाही.

ताई

बुलढाणा, ३० जुलै

समता,

बाबांना चार पानं आणि मला अर्धं. त्या अर्ध्यातही दोन ओळी गुरांनी कुंपण मोडलं का याच्या. उरलेल्यात, "दोन्ही जमेल ताई, माळही आणि मुलीही. मला थोडं बघू दे." पुण्यात बसून दोन्ही जमतं. इथे बावीस मुली चिखलात उभ्या असतात तेव्हा एकच काहीतरी जमतं.

कुंपण शाबूत आहे. तुझ्या वेली उगवल्यात. बाबा सकाळी शिट्टी माझ्या हातात देतात आणि स्वतः खुर्ची घेऊन तिकडे जातात, बकऱ्या हाकायला. सुभेदाराने बकऱ्या हाकायच्या आणि मुलींनी विचारायचं, "आजोबा आता टाइम नाई घेत का आमचा?" काय उत्तर देऊ?

वर्षावास सुरू झाला. संध्याकाळी विहारात वाचन असतं, ते संपलं की बाबा खिशातून तुझं कात्रण काढतात. घडीवर घडी पडून त्यातलं तुझं नाक गेलंय, तरी काढतात. पहिल्याच संध्याकाळी आपल्या मुलीही आल्या होत्या. बाबांनी त्यांना सांगितलं, पावसाळ्यात भिक्खू एका जागी का राहायचे, तर कोवळे अंकुर पायाखाली येऊ नयेत म्हणून. "आपली समता तेच काम करून राह्यली," म्हणाले. मी मागच्या रांगेत बसले होते. बारा वर्षं मी जे करतेय ते कुणाचं काम आहे, हे सांगायला त्यांना वेळ झाला नाही.

आणि वंदना. लोणारच्या कडूबांची मुलगी, आपल्याच घरी वरच्या खोलीत राहते, तुला आठवत असेल. आली तेव्हा चार पावलं धावली की धाप लागायची. आज सोळाशे मीटर ती सगळ्यांच्या पुढे संपवते. तीन वर्षं मी घडवली तिला. परवा भाकरी थापता थापता विचारते, "मॅडम, समता मॅडम किती शिकल्या? मले बी तसं जमन का?" मी म्हटलं, आधी भरतीचं जमव. ती हसली, पण मला हसू आलं नाही.

तिची रांगण्याची वेळ वाढत चाललीय. तुला आठवतं ना, बाबांनी माळाच्या मधोमध लोखंडी खुंट्या ठोकून दीड फुटावर काटेरी तार अंथरलीय, तिच्याखालून कोपरांवर सरपटत जायचं? भरतीत रांगणं नसतं, पण बाबांच्या मते जो रांगला नाही तो जवान नाही. तर वंदना त्या पट्टीत हल्ली गोगलगायीसारखी जाते, आणि तिच्यामागे बाकीच्याही. डोक्यात वेली शिरल्या की पायात जोर राहत नाही. कुणाच्या कृपेने, ते मी लिहीत नाही.

तिने तुझा पत्ता मागितला. मी म्हटलं, हरवला.

ताई

बुलढाणा, २० ऑगस्ट

समता,

आज मी खुशीत आहे, तेव्हा तूही खूश हो.

समिती महिन्यावर आली. तुझ्या कुंपणाकडे मी जरा निरखून पाहिलं तर काय अवस्था! कमरेएवढं गवत, त्यात कुसळी, त्यात कसली कसली झुडपं, आणि तुझी मौल्यवान वेल त्या गवतावर कशीबशी लोंबकळतेय. एवढे साहेब येणार आणि हे दाखवणार? लोक म्हणतील, बहिणीचं काम म्हणून मुद्दाम हेळसांड केली. ते मी ऐकून घेणार नाही. तुझ्या संस्थेच्या लोकांनाही कळू दे की इथे व्यवस्था कशी ठेवतात.

बाबांना विचारलं. त्यांचे डोळेच चमकले. पलटणीत मोठा साहेब येणार म्हटलं की फटीग लागायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून झाडलोट, रंगरंगोटी. कितीतरी दिवसांनी ते माझ्या बाजूला उभे राहून हुकूम देत होते. "मायी, ती रांग तिरपी हाय," "मायी, गोटे एका मापाचे पाह्यजे." लहानपणी लाडाने म्हणायचे तसं मायी म्हणाले, दिवसभर मायी.

रविवारी सगळ्या मुलींना लावलं. कुंपणातलं गवत मुळासकट उपटलं, जमीन खुरपून भुसभुशीत केली. प्रत्येक वेलीला बांबूची काडी, काडीला लाल फीत. वेलीभोवती गोट्यांचं कडं, गोट्यांना चुना, आणि उरलेला चुना कड्याच्या आत पसरला म्हणजे मुंग्या येत नाहीत. मग दोन्ही वेळा बादलीने पाणी. आता कुंपणातून पाहिलंस तर तुझी खरचुडी सावधानमध्ये उभी आहे. पंधरा ऑगस्टलासुद्धा मैदान एवढं चांगलं दिसलं नव्हतं.

वंदना तेवढी तोंड पाडून खुरपत होती. म्हणाली, "मॅडम, समता मॅडमले विचारलं का?" मी म्हटलं, तिला सरप्राइज आहे.

बाबांनी फोटो काढून ठेवलेत. पण तू स्वतः येऊनच बघ.

ताई

बुलढाणा, १ सप्टेंबर

समता,

तुझं पत्र आलं नाही. कामात असशील.

इकडे ऊन फार पडलंय. त्यामुळे काही वेलींची पानं पिवळी झालीत. विशेष काही नाही. तुझ्या वेली नाजूकच, त्याला मी काय करणार?

सहज विचारते, चुन्याने मुळांना काही होतं का? वंदनाला कुठल्याशा परीक्षेत आलं होतं म्हणून. आणि जमिनीत कंद असतो, त्याला रोज पाणी लागतं की नाही? तेही परीक्षेतच होतं.

बाबा आजकाल कुंपणाकडे खुर्ची नेत नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात.

ताई

बुलढाणा, १० सप्टेंबर

समता,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं. "ताई, चुना टाकायला कुणी सांगितलं?"

मी. हुकूम बाबांचा, पण डोकं माझं होतं. कुंपणातल्या सगळ्या वेली गेल्या. एक उकरून पाहिली, कंद मऊ पडला होता, बोट लावलं तर आत गेलं. तुझं काम बिघडवायचं म्हणून केलं असतं तर आज मला निदान जिंकल्यासारखं वाटलं असतं. मी तुझ्यापेक्षा चांगलं करून दाखवायला गेले. बाबांनी तुझ्याकडे बघतात तसं एकदा माझ्याकडे बघावं, म्हणून गेले. बाबांना मी सांगितलेलं नाही, पण त्यांना कळलंय. कात्रण खिशातून काढून कपाटात ठेवलंय त्यांनी. मला वाटलं होतं असं झालं तर मला आनंद होईल.

पुढचं ऐक. गुरुवारी भगवंतराव आले. कुंपणात डोकावले आणि म्हणाले, "आता वेलच नाई तं अहवाल कायचा? समिती येईन, पाहीन, जाईन. मैदान तुमचंच हाय मॅडम, झंझट गेली." मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तोंडावर दुःख ठेवलं आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. करार पक्का, मुली पक्क्या, गोल पुन्हा गोल होणार.

शनिवारी सकाळी रांगण्याचा सराव होता. वंदना परत तशीच, सरपटतेय आपली रमतगमत. गेले दोन महिने साचलेलं सगळं तिच्यावर निघालं. तिला तारेखालून बाहेर बोलावलं, सगळ्यांसमोर म्हटलं, "गवतात मन रमतं ना तुझं, मग जा पुण्याला. रांगतात कसं ते बघून जा." आणि या वयात, या पोटाने, मी स्वतः तारेखाली शिरले. बाबांनी घड्याळ लावलं.

दोन हात पुढे गेले तर माझं कोपर मातीच्या उंचवट्यावर आदळलं. त्या पट्टीत मुलींच्या कोपरांनी आणि गुडघ्यांनी चर पडलेले असतात. ते नाकासमोर सरळ असायला हवेत. बाबांनी दोरी धरून आखलेली पट्टी आहे ती. समता, चर सरळ नव्हते. डावीकडे वळलेले, मग उजवीकडे, मग परत डावीकडे. आणि प्रत्येक वळणाच्या पोटात, गवताला धरून, एक वेल.

मी थांबले. माझ्या नाकासमोर फूल होतं. बोटाच्या पेराएवढं, वर निमुळतं होऊन टोकाशी मिटलेलं, कंदिलासारखं. पस्तीस वर्षांत मी या वेलीचा कंद खाल्ला, तिला तुडवलं, तिच्यावर जळले, पण तिचं फूल इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पुढे दुसरी वेल, तिच्यापुढे आणखी. किती ते मी मोजलं नाही. मोजणं तुझं काम. मागून बाबा ओरडत होते, "मायी, टाइम चालू हाय!"

बाहेर आले तेव्हा मुली एका रांगेत खाली मान घालून उभ्या होत्या, आणि सगळ्यांचा कट होता हे तेव्हाच कळलं. जुलैत पहिले अंकुर दिसले त्या दिवसापासून पुढची मुलगी वळली की मागचीला हळूच सांगायची, "डावं," "उजवं." त्यात वेळ जायचा. माझ्या शिव्या खाल्ल्या, पण एकीनेही तोंड उघडलं नाही.

मी वंदनाला विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

तिने बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, विहारात आजोबांनी सांगतलं होतं ना, अंकुर पायाखाली घेत नसत म्हनून. आमाले वाटलं, कोपराखाली बी नाई घ्याव." मग जरा थांबून म्हणाली, "पैले सांगनारच होतो तुमाले. मंग कुंपणातलं पाह्यलं. तुमी इथं बी चुना लावला असता."

बाबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, ते मी बघायला गेले नाही.

आता तीन दिवस झाले. भगवंतरावांना काही माहीत नाही. मी गप्प बसले तर मैदान माझं. मुली माझ्या शब्दाबाहेर नाहीत. वंदना माझ्याकडे बघते आणि काही विचारत नाही, एवढाच त्रास. हे तुला कळवून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, हे मला समजतं. तू अहवालात 'माळ बंद करा' लिहिलंस तर तो बंद होईल. वंदनाची भरती डिसेंबरात आहे आणि तिला धावायला रस्ता उरेल, ट्रकवाला.

मग कळवते कशाला? मी चांगली आहे म्हणून नाही. तुझ्या कुंपणात पाटी होती, बाबांची खुर्ची होती, तिथे ती मेली, माझ्याच हाताने का होईना. माझ्या तारेखाली रोज बावीस मुली कोपरं घासतात, तिथे ती फुलली. तारेमुळे बकऱ्यांचं तोंड पोचत नाही, एवढं मला दिसतं. रांगून रांगून झुडपं वाढत नाहीत, हेही दिसतं. बाकी का जगली ते तू शोध. पण ज्यांनी वळणं घेतली त्या माझ्या मुली आहेत. तू त्यांना चार दिवस भेटलीस, त्यांची कोपरं मी घडवली. मला दोन महिने वाटत होतं की तू त्या पळवल्यास. आता हे तुला कळलंच पाहिजे. तुला नाही कळलं तर माझं जिंकणं कुणाला कळणार?

म्हणून तुझी ती अर्धी ओळ परत काढून वाचली, 'दोन्ही जमेल.' जमतंय, समता. तुझ्यामाझ्याशिवाय जमलंय. ते अहवालात कसं लिहायचं ते तुलाच येतं, मला येत नाही. लिही. वर तुझं नाव येईल, फोटो येईल, बाबा नवीन कात्रण खिशात घालतील आणि मी परत जळेन. जळते, त्याचं काय एवढं. फक्त त्यात मुलींची नावं घाल, बावीसच्या बावीस. पहिलं वंदनाचं. पत्ता दिलाय मी तिला तुझा.

आता अट. पंचवीस तारखेच्या आधी ये. कुंपणाकडे बघायचं असेल तर बघ, शिव्या द्यायच्या असतील तर दे, मी मधात बोलणार नाही. पण तारेखालची खरचुडी उभं राहून दिसत नाही, छत्री धरूनही दिसत नाही. तार काढू देणार नाही, ती आहे म्हणून वेल आहे. तुला रांगावं लागेल. जुना ट्रॅकसूट आण. बाबा आत्ताच कुरकुरले, "तिले कायले रांगवतं, पोरीचे कोपरं फुटतीन." माझी फुटली होती तेव्हा आईने हळद लावली होती आणि बाबा घड्याळ बघत होते. म्हणून सांगून ठेवलंय त्यांना, यावेळी घड्याळ नाही, छत्री नाही. हळदीची वाटी घेऊन पट्टीच्या टोकाशी बसायचं, दोघींसाठी.

वंदना पुढे असेल, ती सांगेल डावं-उजवं. तिच्यामागे तू, तुझ्यामागे मी. शिट्टी मी वाजवणार. आणि घाबरू नकोस, तारेखाली कुणाची उंची मोजत नाहीत.

ताई